शमशेर पैलवानाचा सुटलेला व्यायाम

सांगलीच्या मार्केट यार्डात येऊन तुम्ही "शमशेर हमाल कुठं भेटेल?" असं विचारलं असतंत, तर असा कुणी इथं नाही असंच उत्तर आलं असतं. "शमशेर पैलवान" म्हणालात की मात्र चहावाल्यापासून अडत्यापर्यंत सगळ्यांनी हात करून दाखवलं असतं, ते काय, हळदीच्या थप्पीवर. तीस वर्षं पोती वाहिली तरी लोकांनी त्याला हमाल म्हटलं नाही, आणि पंचविशीच्या आत सोडलेल्या कुस्तीनं त्याचं नाव सोडलं नाही. आमच्याकडे एकदा लंगोट लावला की माणूस मरेपर्यंत पैलवानच असतो, मग तो पुढं बँकेत शिपाई होवो नाहीतर आमदार.

मी नाथाजी. त्याच यार्डात तोलाईदार. दुसऱ्यानं उचलायचं आणि मी मोजायचं, हा माझा धंदा. शमशेर यावरून मला कायम टोचायचा. "तुझ्या हातात नुसता काटा हाय नाथा, वजन आमच्या पाठीवर." आम्ही दोघं एकाच गावचे. कराडच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करत गावोगाव फिरायचे. पोरगं अंगानं थोराड निघालं, जत्रेच्या फडात आपल्याहून मोठ्यांना पाडायला लागलं, तेव्हा गावानंच त्याला सांगलीत बाळासो वस्तादांच्या तालमीत आणून सोडलं. शिराळ्याकडच्या जत्रांमधून त्याचं नाव पुकारलं गेलं की लोक बसल्या जागेवरून उठून पुढं सरकायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. सरकणाऱ्यांत मी होतो.

मग कल्हईच्या धुरानं वडिलांचे डोळे गेले. घरात लग्नाच्या बहिणी. शमशेर एका सकाळी वस्तादांच्या पाया पडला आणि म्हणाला, मी यार्डात कामाला लागतोय. वस्ताद रागावले नाहीत. राग परवडला असता. ते एवढंच म्हणाले, "जा बाबा, पोट कुणाला चुकलंय. पर व्यायाम सोडू नगंस. पैलवानानं व्यायाम सोडला की त्येचं रक्त नासतं. रोज थोडं का हुईना, जोर मार." शमशेरनं आखाड्याच्या मातीवर हात ठेवून कबूल केलं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यानं गोदामामागं जोर मारायला घेतले. दिवसभर गाड्या खाली करून हात लाकडासारखे झालेले. तो खाली गेला आणि वर आलाच नाही. तोंड मातीत. मी हसलो, कारण मला वाटलं तो गंमत करतोय. तो उठला, कपडे झटकले आणि घरी गेला. त्यानंतर त्यानं कधी जोर मारला नाही की बैठक काढली नाही. पुढं कुणी विचारलंच तर म्हणायचा, "सुटला व्यायाम." घरातलं माणूस गेल्याचं सांगावं तसा आवाज लागायचा त्याचा. तालीम ज्या गल्लीत आहे त्या गल्लीतून तो जात नसे. बाजारातून घरी जायला तीच वाट जवळची, तरी हा बाबा वळसा घालून जाणार. वस्ताद वारले तेव्हा मातीला आला, सगळ्यात मागं उभा राहिला आणि मागच्या मागं परतला.

आणि मग काहीही झालं की रक्त. ताप आला, रक्त नासलंय. दाढ ठणकली, रक्त नासलंय. मुलाला कुणी मुलगी दिली नसती तरी त्यानं रक्तालाच दोष दिला असता, पण त्याला मुलगाच नव्हता, एकुलती एक मुलगी होती, मिस्बाह. मी त्याची पुष्कळ टिंगल केली. "रक्त नासलंय तर पोतं कसं उचलतोस रं?" तर म्हणायचा, "त्ये पोट उचलतंय. रक्त न्हवं."

पन्नाशी उलटली तशी मात्र टिंगल करायचं माझं मन होईना. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, त्याची बायको, आमच्या मेहरुनबी भाभी, पायावर बसून ते मोडायच्या. फळीवरून ट्रकमध्ये चढताना पूर्वी तो बोलत चढायचा, आता तोंड मिटून चढायला लागला आणि वर पोचल्यावर थप्पीला टेकून उभा राहायला लागला. अंगावरची बंडी घामानं आणि हळदीनं पिवळी, आणि तिच्या वरचा चेहरा पांढरा. टोळीतली पोरं त्याला हलकी पोती द्यायला बघायची. तो घ्यायचा नाही. पैलवान ना.

मिस्बाह हुशार निघाली. लॅबचा कोर्स करून सांगलीबाहेरच्या एका खासगी मेडिकल कॉलेजात तपासणीच्या खात्यात लागली. पहिल्या दिवशी ती पांढरा कोट घालून निघाली तेव्हा शमशेर यार्डात येऊन म्हणाला, "माझी पोरगी रक्त वाचती, नाथा." त्या दिवशी चहा त्याच्याकडून.

दोन वर्षांपूर्वी त्या कॉलेजात एका तरुण डॉक्टरानं अभ्यास काढला. डॉक्टर ऋषिराज. पुढच्या पदवीसाठी त्याला व्यायामाच्या वेळी रक्तात काय घडतं ते मोजायचं होतं. त्याला माणसांचे तीन गट हवे होते, तालमीतले पैलवान, रोज सकाळी फिरायला जाणारे, आणि काहीच व्यायाम न करणारे. पहिले दोन गट हां हां म्हणता भरले. तिसरा भरेना. मी काहीच करत नाही, असं आपल्या तोंडानं सांगायला कोण येणार? सांगलीतला प्रत्येक माणूस उद्यापासून फिरायला जाणारच असतो. मिस्बाहनं घरी सहज विषय काढला आणि शमशेर जेवता जेवता ताटावरून उठला. "माझं घे." इतकी वर्षं ज्या रक्ताबद्दल तो स्वतःलाच बोल लावत होता ते आता कुणीतरी काचेत धरून बघणार होतं. वस्ताद म्हणाले ते खरं झालंय का, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं. त्याला भीती वाटत होती आणि तरी जायचंच होतं.

सोबत मला नेलं. ईदचा पांढरा शर्ट घातला, कडक इस्त्रीची विजार, डोक्याला टोपी, अत्तरही. मी म्हणालो, "रक्त द्यायला चाललायस का नवरी बघायला?" तो हसला नाही.

डॉक्टर ऋषिराज वागायला भला पोरगा. त्याला मी शिव्या घातल्यात, पण भला होता हे खोटं नाही. त्यानं शमशेरला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तंबाखू? नाही. साखर? नाही. "आणि काका, व्यायाम?"

शमशेरनं मान खाली घातली. "न्हाई. पैली कुस्ती करत हुतो. सुटला समदा."

"किती वर्षं झाली?"

"लय झाली. ही पोरगी जल्मायच्या आदीपासनं."

"आणि काम काय करता?"

मिस्बाह पलीकडं सुया मांडत होती. तिनंच तिथून सांगितलं, "अब्बा मार्केट यार्डात असतात सर. हळदीत."

हे काही खोटं नव्हतं. सांगलीत "हळदीत असतो" असं सगळेच म्हणतात. कोल्डस्टोरेजचा मालक हळदीत असतो, दलाल हळदीत असतो आणि सौद्यानंतर खाली सांडलेलं झाडून गोळा करणारी बाई पण हळदीतच असते. डॉक्टरानं पांढरा शर्ट बघितला, अत्तराचा वास घेतला आणि त्याच्या डोळ्यांपुढं गादीवर लोडाला टेकून बसलेला जुना पैलवान व्यापारी उभा राहिला असणार. असे सांगलीत पायलीला पन्नास. त्यानं शमशेरला तिसऱ्या गटात टाकलं. मिस्बाहला त्यात काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही. अब्बांचा व्यायाम सुटला, हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. आणि हमालीला व्यायाम म्हणणारा माणूस आमच्या यार्डात तरी अजून जन्मलेला नाही. व्यायाम म्हणजे लंगोट, माती, जोर, बैठका. पोतं म्हणजे काम.

डॉक्टरानं मला नीट समजावून सांगितलं, कारण मी नाक खुपसून विचारलं. माणूस दमाचं काम करतो तेव्हा श्वास जास्त घेतो. त्या श्वासातल्या ऑक्सिजनचा थोडा भाग बिथरतो आणि शरीराच्या आतल्या कणाकणाला चावत सुटतो. लोखंडाला हवा लागून गंज चढतो तसंच काहीसं. याला त्यानं रक्तातला ताण म्हटलं. ठणठणीत शरीर हा गंज आपला आपण पुसून काढतं. रोज नेमानं व्यायाम करणाऱ्याला तर पुसायची सवयच लागते. ज्याला विश्रांती नाही, पोटात नीट पडत नाही, त्याच्यावर मात्र पहिला पुसायच्या आधीच पुढचा गंज चढतो. हे शेवटचं वाक्यही तो बोलला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

शमशेरला जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवलं. आधी एकदा रक्त घेतलं, सायकल झाल्यावर लगेच एकदा आणि थोडा वेळ बसवून पुन्हा एकदा. मिस्बाहनं बापाच्या हातात सुई घातली तेव्हा तिचाच चेहरा कसनुसा झाला. तो म्हणाला, "बिनघोर घाल गं. जुनं कातडं हाय."

पुढचं मला मिस्बाहनं सांगितलं. त्या रक्तातलं पाणी वेगळं काढून त्यात औषध घालून उकळायचं, की ते गुलाबी होतं. गुलाबी जितकं गडद तितका ताण जास्त, आणि मग मशीन त्याचा आकडा सांगतं. बाकी सगळ्यांच्या नळ्यांत पहिली फिकट, दुसरी गडद आणि तिसरी परत फिकटाकडं आलेली. शमशेरची पहिलीच नळी, सायकलला पाय लावायच्या आधीची, तालमीतल्या पोरांच्या सायकलनंतरच्या नळीएवढी गडद होती. आणि तिसरी दुसरीपेक्षाही गडद.

डॉक्टराला वाटलं रक्त घेताना चूक झाली. सुई नीट गेली नाही तर रक्त आतल्या आत फुटतं आणि आकडा बिघडतो म्हणे. तो मिस्बाहला चारचौघांत बोलला. तिनं पुढच्या आठवड्यात बापाला पुन्हा बोलावलं आणि श्वास रोखून रक्त घेतलं. पुन्हा तेच. तेव्हा डॉक्टर म्हणाला, हा माणूस गटात बसत नाही, याला अभ्यासातून काढू. काढताना त्यानं माणुसकी म्हणून शमशेरला आत बोलावलं. "काका, तुमच्या रक्तात ताण खूप आहे. इतकी वर्षं व्यायाम बंद असल्यानं असं होऊ शकतं. हळूहळू सुरू करा. चाला, थोडे हातपाय हलवा."

शमशेरनं त्यातला एकच शब्द उचलला, व्यायाम.

दुसऱ्या दिवशी तो यार्डात आला तो फुललेला. इतका आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "सापडलं, नाथा. मशिनीनं सांगितलं. वस्ताद म्हणत हुते त्येच. व्यायाम सोडला म्हणून रक्त नासलं. पर डाक्तर म्हनला, सुरू केला की सुदरंल." मला म्हणाला, माझ्यासंगं तालमीपतोर चल, एकट्याचा पाय उचलत न्हाई.

पहाटेची नमाज करून तो आला आणि आम्ही त्या गल्लीत शिरलो. तालमीत चार पोरं मेहनत करत होती. भिंतीवर वस्तादांचा फोटो, हार वाळलेला. शमशेर आखाड्याच्या कडेला उकिडवा बसला, चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली आणि रडला. हुंदके देऊन. पोरं थांबून बघायला लागली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं. आत येऊन बघतो तर पैलवान जोर मारत होता. खाली जात होता आणि वर येत होता.

रोज पहाटे जोर आणि बैठका, तिथून थेट यार्ड. हंगामाचे दिवस होते. फाल्गुन-चैत्रात हळदीच्या गाड्यांची रांग यार्डाबाहेर रस्त्यावर जाते आणि पत्र्याखाली ऊन असं मुरतं की काट्याला हात लावला तर चटका बसतो. मी त्याला म्हणालो, "दोन्ही एकदम नगं करूस. हंगाम जाऊ दे, मग काय त्या बैठका काढ." तो म्हणाला, "म्हंजी अजून एकडाव सोडू?" मिस्बाहनंही सांगून बघितलं, सर हळूहळू म्हणाले होते. तो म्हणायचा, हळूहळूच करतोय. पैलवानाचं हळूहळू तुमच्याआमच्यासारखं नसतं. रोज कालच्यापेक्षा जास्त. चेहऱ्यावर पाणी चढल्यासारखी सूज दिसायला लागली तर म्हणे अंग भरतंय.

एका दुपारी तो भिंतीकडून परत आला, मला बाजूला घेतलं आणि गुपित सांगावं तसं म्हणाला, "नाथा, निघाया लागलं बग."

"काय?"

"नासल्यालं रक्त. लगवीतनं. काळ्या चहावानी. कालपास्नं हाय. समदं निघून जाणार बग आता." त्याच्या डोळ्यांत खरोखर समाधान होतं.

मी म्हणालो, "शमशेर, ह्ये चांगलं न्हवं. आत्ता डाक्टराकडं चल."

"डाक्तरनंच सांगितलंय की व्यायाम कर म्हणून."

मी त्याच्याशी वाद घालत बसलो नाही. काट्यामागं जाऊन मिस्बाहला फोन लावला. रंग सांगितला. पलीकडून ती ओरडली, "चाचा, त्यांना खाली बसवा. काहीही उचलू देऊ नका. मी येते." मी वळलो तर तो पोतं घेऊन फळी चढत होता. मी हाक मारली. त्यानं हाक ऐकली, पण अर्ध्या फळीवर पोतं टाकून देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, तो पैलवान होता आणि हमालही होता. वर गेला, पोतं थप्पीला नीट लावलं, उतरला आणि खाली आल्यावर पाय दुमडून बसला. उठायला गेला तर पाय उठेनात. "पाय कुटं गेलं रं माजं?" असं त्यानं मला विचारलं. घाबरून नाही, नवल वाटून.

दवाखान्यात तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न मिस्बाहला केला, "काय काम करतात हे?" मिस्बाह पांढऱ्या कोटातच धावत आली होती. ती म्हणाली, "हमाल आहेत. पोती वाहतात." आणि बोलून थांबली. तिनं तोंडावर हात घेतला. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि तिला काय कळलं ते मला तेव्हा कळलं नाही. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि नुसती मान हलवत राहिली. "मी विचारच केला नाही, चाचा. सरांनी विचारलं आणि मीच सांगितलं, हळदीत."

बाईंनी आम्हाला समजावलं. हमालीनं आधीच थकलेल्या अंगावर बैठकांचा भार पडला, त्यात हे ऊन आणि वय. स्नायू आतल्या आत फुटून रक्तात उतरले होते, आणि ते गाळता गाळता दोन्ही किडन्या तुंबल्या होत्या. काळ्या चहासारखं जे जात होतं ते नासकं रक्त नव्हतं, ते त्याचं स्वतःचं मांस होतं. मी ते ऐकून बाहेर व्हरांड्यात आलो आणि शिव्या घालताना देवालाही सोडलं नाही, डॉक्टरालाही नाही, वस्तादांनाही नाही.

शमशेर वाचला. पण किडन्या पुरत्या परत आल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर झोपवून रक्त धुवून घ्यावं लागतं. यार्ड संपलं. तो पहाडासारखा माणूस गादीवर पडून पडून इतका उतरला की नमाजाला बसवताना मला भाभींचा हात लागत नाही, मी एकटा त्याला उचलतो. आयुष्यभर दुसऱ्यानं उचललेलं मोजणारा मी. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याची कॉट, दाराशी चपला. मी रोज जातो. तो विचारतो, गाड्या किती आल्या, भाव काय निघाला. बाकी बोलत नाही. सुरुवातीला त्याला वाटत होतं, आपण फार उशीर केला म्हणून व्यायाम उलटला. वस्तादाला दिलेला शब्द मोडला त्याची ही फेड. हे तो मला एकदाच म्हणाला, पण मला समजलं की दिवसभर त्याच्या डोक्यात हेच चालतं.

मिस्बाहनं डॉक्टर ऋषिराजला सगळं सांगितलं. तो एका रविवारी घरी आला. आल्या आल्या मी त्याला बोलायचं ते बोलून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं. तो खाली चटईवर बसला, खुर्ची नको म्हणाला. मग शमशेरला म्हणाला, "काका, माझी चूक झाली. मी तुम्हाला व्यायाम न करणाऱ्यांत धरलं. तुम्ही माझ्या अभ्यासातल्या सगळ्या पैलवानांपेक्षा जास्त व्यायाम करत होता."

शमशेरला कळलं नाही. "कवा?"

"रोजच. पोती उचलणं, फळी चढणं, हा व्यायामच आहे. रक्ताला आखाडा आणि यार्ड वेगळं कळत नाही. त्याला फक्त शरीरावर पडलेला भार कळतो. तुमचं रक्त व्यायाम सोडल्यानं बिघडलं नव्हतं. व्यायाम एक दिवसही थांबला नाही म्हणून ते तसं होतं."

शमशेर कोपरावर उठला. कितीतरी दिवसांनी तो आपला आपण उठला असेल. "म्हंजी सुटला न्हवता?"

"नाही काका."

"यार्डात आल्यापास्नं रोज मी व्यायामच करत हुतो म्हणायचं?"

"हो."

मला खरंच वाटलं की आता तरी याचं मन हलकं होईल. शब्द मोडला नव्हता. वस्तादाच्या फोटोकडं तो डोळे वर करून बघू शकला असता. मी म्हणालोही, "ऐकलंस न्हवं, गड्या? तू सोडला न्हवतास." तो माझ्याकडं बघत राहिला. मग मिस्बाहकडं, मग भाभींकडं, मग परत डॉक्टराकडं. तालमीतल्या पैलवानाचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, व्यायामानंतरचं दूध, बदाम, तूप, दुपारची झोप, अंग रगडणारी पोरं. आणि यार्डात फळीखाली उभं राहून घोटलेला चहा, दोन भाकरी.

"व्यायाम हुता," तो म्हणाला, "तर मग खुराक कुटं हुता?"

कुणावर ओरडून नाही, साधं विचारलं त्यानं. डॉक्टर चटईच्या काड्या मोडत बसला. त्यानं पुन्हा विचारलं नाही, कोपर काढून घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. मेहरुनबी भाभी चहा टाकते म्हणून आत गेल्या. बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही, आणि आत जाऊन बघायची माझी छाती झाली नाही.